ओळखीचा शत्रू

तुटता तारा दिसला की तुम्ही काय करता? डोळे मिटून मनातल्या मनात काहीतरी मागता, हो ना? इटलीतही तसंच करतात बरं का! १० ऑगस्ट हा तिथे संत लोरेन्झोचा दिवस. त्या रात्री तारा तुटताना दिसला की इच्छा पुरी होते, असं लोक मानतात. आपला या वेळचा सिनेमा अशाच एका रात्री सुरू होतो. एक आई आपल्या बाळाला स्वतःच्या लहानपणची गोष्ट सांगतेय. ती सहा वर्षांची असताना तिच्या गावात युद्ध आलं होतं.

सिनेमाचं नाव 'ला नोत्ते दी सान लोरेन्झो'. पाओलो आणि व्हित्तोरिओ ताविआनी या भावांनी तो १९८२ साली काढला.

आधी थोडा इतिहास. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने दोस्तराष्ट्रांपुढे शरणागती पत्करली. त्याबरोबर कालपर्यंतचा मित्र जर्मनी उलटला आणि त्याने उत्तर व मध्य इटली ताब्यात घेतली. मुसोलिनीला पुन्हा गादीवर बसवलं. झालं! गावागावांत दोन तट पडले. काही जण काळे शर्ट घालून जर्मनांना मिळाले, काही जण बंदुका घेऊन रानात गेले.

सिनेमातलं गाव आहे सान मार्तिनो. साल १९४४. जर्मन सांगतात, सगळ्यांनी मोठ्या चर्चमध्ये जमा, तिथे तुम्ही सुरक्षित राहाल. विश्वास ठेवायचा का? बिशप आणि बरेच गावकरी थांबतात. बाकीचे अंधारात दिसू नये म्हणून गडद कपडे घालून, गाल्वानो नावाच्या वयस्कर शेतकऱ्यामागे, अमेरिकन सैन्याच्या शोधात निघतात.

पुढे गव्हाच्या शेतात त्यांची गाठ काळ्या शर्टवाल्यांशी पडते. हे परके नाहीत, एकमेकांना नावानिशी ओळखणारी माणसं आहेत! आणि तीच आता एकमेकांच्या जिवावर उठलीत. छोट्या मुलीला मात्र भाले घेतलेले जुन्या काळचे योद्धे दिसू लागतात. भीती वाटली की आपणही असंच काहीतरी डोळ्यांपुढे आणतो, नाही का?

काळ्या शर्टवाल्यांत एक पंधरा वर्षांचा मुलगा आहे. माणसं मारण्यात त्याला मौज वाटते. तो पकडला जातो तेव्हा मात्र गयावया करू लागतो. आणि गावकरी त्याला बापाच्या डोळ्यांदेखत गोळी घालतात. न्याय कोणाच्या बाजूला होता, याबद्दल सिनेमाला शंका नाही. पण या क्षणी टाळ्या वाजवायला आपले हात उठत नाहीत. तुमच्याच वयाचा मुलगा तो! त्याच्या डोक्यात हे विष कोणी भरलं?

गावकरी ज्या दोस्त सैन्याची वाट बघत होते, त्यात आपली माणसंही होती बरं का. १० जुलै १९४४ रोजी इटलीतच, टायबर नदीच्या खोऱ्यात, मराठा पलटणीचे यशवंत घाडगे लढता लढता धारातीर्थी पडले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा हा अवघा बावीस वर्षांचा जवान. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता शेवटची गंमत, खरं तर गंमत नव्हेच. ताविआनी बंधू सान मिनिआतो गावचे. तिथल्या चर्चमध्ये २२ जुलै १९४४ रोजी खरोखरच स्फोट झाला आणि ५५ माणसं मेली. हे जर्मनांचंच काम, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. सिनेमातही तसंच आहे. पण २००४ मध्ये इतिहासतज्ज्ञांच्या समितीने निष्कर्ष काढला की तो तोफगोळा अमेरिकनांचा होता. म्हणजे ज्यांची वाट बघत होते, त्यांचाच! म्हणून जर्मनांचे बाकीचे अत्याचार खोटे ठरत नाहीत. पण आपल्या बाजूबद्दलचं खरंही ऐकून घ्यायची तयारी हवी.

सिनेमातले काही प्रसंग अंगावर येणारे आहेत, तेव्हा तो आई-बाबांबरोबरच बघा. आणि बघून झाल्यावर त्यांना एक प्रश्न जरूर विचारा : "त्या रात्री तुम्ही चर्चमध्ये थांबला असता, की निघाला असता?"