मतदानाच्या दुसऱ्या दिवशी

एखाद्या जनसमूहाने आपल्या राज्याचे भवितव्य स्वतःच्या मताने ठरवावे, हे तत्त्व लोकशाहीवाद्यांना अमान्य असण्याचे कारण नाही. अडचण उद्भवते ती तत्त्व व्यवहारात उतरवताना. निवडणुकीत पराभूत झालेल्या पक्षाला काही वर्षांनी पुन्हा संधी मिळते. स्वातंत्र्याच्या प्रश्नावरील सार्वमतात पराभूत झालेल्याला मात्र आपला देशच आपल्या हातून गेला, असे वाटत असते. म्हणून अशा सार्वमतापूर्वीचा वाद कडाक्याचा होणार हे गृहीतच धरले पाहिजे. मात्र त्या वादात शेजारी हा शेजाऱ्याचा वैरी होऊ नये यासाठी काय करता येते, याचा विचार मतपेट्या मांडण्याच्या पुष्कळ आधी व्हावा लागतो. स्कॉटलंडचा २०१४ सालचा अनुभव या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे. तेथे पुष्कळ काही चांगले घडले, आणि जे बिघडले तेही सर्वांच्या डोळ्यांदेखत बिघडले.

ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन आणि स्कॉटलंडच्या सरकारचे तेव्हाचे प्रमुख अ‍ॅलेक्स सॅमंड यांनी १५ ऑक्टोबर २०१२ रोजी एडिंबरो येथे एका करारावर सह्या केल्या. सार्वमत घेण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न न्यायालयात किंवा रस्त्यावर नेण्याऐवजी त्या कराराने तो मिटवला. करारातील तिसाव्या परिच्छेदाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. निकाल काहीही लागो, तो लागल्यानंतर दोन्ही सरकारांनी उभय प्रदेशांतील जनतेच्या हितासाठी एकत्र काम करावे, अशी हमी त्यात दोघांनीही दिली होती. भांडण सुरू होण्यापूर्वीच भांडणानंतरच्या दिवसाची व्यवस्था करण्याचा हा शहाणपणा विरळाच म्हटला पाहिजे. प्रश्नाच्या शब्दांचीही अशीच निगा राखली गेली. 'स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा, याच्याशी आपण सहमत आहात काय?' असा मूळ मसुदा होता. 'सहमत आहात काय' या शब्दांनी मतदार होकाराकडे ढकलला जातो, असा अभिप्राय स्वतंत्र निवडणूक आयोगाने जानेवारी २०१३ मध्ये दिला, आणि 'स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा काय?' हा सरळ प्रश्न सॅमंड सरकारने मुकाट्याने स्वीकारला. खेळाचे नियम दोघांनाही मान्य असले, म्हणजे हरणाऱ्याला निदान पंचावर दगड फेकता येत नाही.

यानंतरची दोन वर्षे स्कॉटलंडमध्ये राजकारण घरोघरी पोचले. गावच्या सभागृहांत, दारूच्या गुत्त्यांत, जेवणाच्या टेबलावर माणसे चलन, निवृत्तिवेतन, अण्वस्त्रे आणि उत्तर समुद्रातील तेल यांवर वाद घालू लागली. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही मताधिकार मिळाला. १८ सप्टेंबर २०१४ रोजी ८४.६ टक्के मतदान झाले. वीस लाख एक हजार नऊशे सव्वीस मतदारांनी नकार दिला, सोळा लाख सतरा हजार नऊशे एकोणनव्वद मतदारांनी होकार दिला. हिंसाचाराचे गालबोट या काळात जवळजवळ लागले नाही.

जवळजवळ म्हणण्याचे कारण असे की, मजूर पक्षाचे खासदार जिम मर्फी शीतपेयाच्या बाटल्यांची खोकी उपडी घालून त्यांवर उभे राहत आणि गावोगाव भाषणे करत. कर्कॉल्डी येथे त्यांच्या अंगावर अंडे फेकले गेले आणि त्यांना आपला दौरा काही दिवस थांबवावा लागला. लेखिका जे. के. रोलिंग यांनी विभक्ततेच्या विरोधकांना दहा लाख पौंडांची देणगी दिली, तेव्हा त्यांच्यावर इंटरनेटवरून शिव्यांचा जो वर्षाव झाला त्यात देशद्रोहाचा आरोप हाच सौम्यांपैकी होता. निकालाच्याच दिवशी संध्याकाळी ग्लासगोच्या जॉर्ज चौकात झेंडे घेऊन आलेला संघराज्यवाद्यांचा जमाव हरलेल्यांच्या अंगावर धावून गेला. म्हणजे उद्दामपणाची मिरासदारी कोणा एका बाजूकडे नव्हती. तरीही शिवी आणि अंडे यांची मोजदाद करून सभ्यतेचा हिशेब पुरा होत नाही. सभ्यतेची खरी कसोटी, प्रतिपक्षाच्या रास्त प्रश्नाला उत्तर मिळते की त्याची टर उडवली जाते, येथे लागत असते.

चलनाचेच उदाहरण घ्यावे. स्वतंत्र स्कॉटलंड पौंडच वापरील, असे सॅमंड यांच्या सरकारचे म्हणणे होते. लंडनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये एडिंबरोला येऊन, सामाईक चलनव्यवस्था मिळणार नाही, असे ठणकावले. हे बोलण्याची त्यांची तऱ्हा मालकाने कुळाला समज द्यावी तशी होती, आणि ती स्कॉटिश मतदाराला झोंबली तर नवल नाही. पण तऱ्हा वाईट होती म्हणून प्रश्न खोटा ठरत नव्हता. 'मग तुमचा दुसरा पर्याय कोणता?' असे ऑगस्टमधील दूरदर्शनवरील वादात अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांनी सॅमंड यांना पुन्हा पुन्हा विचारले, आणि समाधानकारक उत्तर मिळाले नाही. लंडनवाले केवळ धमकावणी देत आहेत, एवढ्यावर वेळ मारून नेण्यात आली. उलट बाजूनेही हेच केले. ज्यांनी वर्षानुवर्षे आपण मत न दिलेले सरकार सोसले होते, त्यांच्या स्वाभिमानाच्या प्रश्नाला विभक्ततेच्या विरोधकांनी भाववाढीच्या आणि नोकऱ्या जाण्याच्या आकड्यांनी उत्तर दिले. भुकेल्याला हिशेबाची वही दाखवावी, तशातला हा प्रकार होता.

पुढे काळाने दोन्ही पक्षांची जी फजिती केली, ती या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तेलाचा भाव पिंपाला ११० डॉलरच्या आसपास राहील हे गृहीत धरून स्वातंत्र्यवाद्यांनी आपला जमाखर्च मांडला होता. यावर शंका घेणाऱ्याला 'भीती पसरवणारा' म्हणत. सार्वमताला चार महिने होतात न होतात तोच, जानेवारी २०१५ मध्ये तो भाव ५० डॉलरच्या खाली आला. दुसरीकडे, युरोपीय संघात राहायचे असेल तर ब्रिटनमध्येच राहा, असे विभक्ततेचे विरोधक छातीठोकपणे सांगत होते. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतदारांनी संघात राहण्याच्या बाजूने मत दिले असतानाही त्यांना बाहेर पडावे लागले. ज्याला कालपर्यंत भोळा किंवा भेकड म्हटले, त्याचीच शंका खरी ठरल्याचे दोन्ही छावण्यांना दोन वर्षांच्या आत पाहावे लागले. भविष्याबद्दल कोणालाच खात्री नसते, हे ज्याला उमगले आहे तो प्रतिपक्षाला मूर्ख म्हणण्यापूर्वी थोडा थांबतो. सार्वमतातील संयमाचा पाया शिष्टाचारापेक्षा या जाणिवेत अधिक आहे.

हेटाळणी ही केवळ असभ्य नसते, ती महागही पडते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९८० साली सार्वभौमत्वाच्या प्रश्नावर सार्वमत झाले, तेव्हा सत्ताधारी पक्षाच्या मंत्री लीझ पायेत या स्वतः स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या कार्यकर्त्या होत्या. शालेय पुस्तकातील 'इव्हेत' नावाच्या आज्ञाधारक मुलीचा दाखला देऊन, विरोधी बाजूचे नेते क्लोद रायन यांची पत्नी ही अशीच एक इव्हेत आहे, असे त्या भाषणात बोलून गेल्या. त्यांनी पुढे क्षमा मागितली. पण बाण सुटला होता. संसार सांभाळणाऱ्या हजारो स्त्रियांनी ते नाव अभिमानाने धारण केले, आणि एप्रिलमध्ये मॉन्ट्रियलच्या सभेला चौदा हजारांच्या आसपास स्त्रिया जमल्या. स्कॉटलंडमध्ये हाच प्रमाद उलट बाजूने केला. स्वयंपाकघरात चहा पीत बसलेली, राजकारणाने बेजार झालेली आणि म्हणून नकार देणारी गृहिणी त्यांनी प्रचारपटात दाखवली, आणि स्वतःचे हसे करून घेतले. चौतीस वर्षांच्या अंतराने, परस्परविरुद्ध बाजूंच्या पुढाऱ्यांना स्त्रीमतदाराला स्वतःचे डोके आहे हे सुचू नये, यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

समाजवादी चळवळीच्या दृष्टीने स्कॉटलंडमधील सर्वांत दुःखद हिशेब मजूर पक्षाचा आहे. बत्तीस विभागांपैकी ज्या चार विभागांत होकाराला बहुमत मिळाले, त्यांत ग्लासगो आणि डंडी ही कामगारांची शहरे होती; पिढ्यानपिढ्या ती मजूर पक्षाला मत देत आली होती. तेथील बेकार तरुण आणि निवृत्त गोदीकामगार होकाराकडे का वळत आहेत, हे विचारण्याऐवजी पक्षाचे पुढारी हुजूर पक्षासह एका व्यासपीठावर उभे राहिले आणि आपल्याच मतदारांना संकुचित राष्ट्रवादाची बाधा झाल्याचे निदान त्यांनी करून टाकले. कष्टकऱ्यांची एकजूट सीमेपलीकडेही टिकावी, हा त्यांचा युक्तिवाद मोलाचा होता. पण तो ऐकून घेण्याइतका जिव्हाळा तोवर उरला नव्हता. निकालानंतर काही तासांतच कॅमेरॉन यांनी, स्कॉटलंडला कबूल केलेल्या अधिकारांबरोबरच इंग्लंडच्या खासदारांचा प्रश्नही सोडवला पाहिजे, असे जाहीर करून जिंकलेल्याचा आनंदही कडू केला. मे २०१५ च्या निवडणुकीत स्कॉटलंडमधील ५९ पैकी ५६ जागा राष्ट्रवाद्यांनी घेतल्या. मजूर पक्ष ४१ वरून एका जागेवर आला.

या साऱ्यावरून 'सर्वांनी गोड बोलावे' असा निष्कर्ष कोणी काढील तर ती स्वतःची फसवणूक होईल. सभ्यतेची मागणी बहुधा सत्ताधारीच मोठ्याने करतात, आणि पुष्कळदा दुर्बळाचा राग दडपण्यासाठी करतात. फ्रान्सच्या अमलाखालील न्यू कॅलेडोनिया या बेटाचे उदाहरण बोलके आहे. तेथील मूळ रहिवासी कनाक आणि बाहेरून येऊन वसलेले लोक यांच्यात १९८० च्या दशकात रक्तपात झाला. १९८८ साली समाजवादी पंतप्रधान मिशेल रोकार यांनी धर्मगुरूंचाही समावेश असलेले एक संवाद-मंडळ तेथे पाठवले, आणि त्यातून झां-मारी त्जिबाऊ व झाक लाफ्लर या दोन प्रतिस्पर्धी नेत्यांनी एकमेकांचा हात हातात घेतला. पुढच्याच वर्षी त्जिबाऊ यांची हत्या झाली. तडजोड सहन न झालेल्या एका कनाकानेच ती केली. तरी तो समझोता टिकला, आणि १९९८ च्या करारानुसार २०१८ आणि २०२० मध्ये झालेली दोन सार्वमते शांततेत पार पडली. होकाराची मते ४३ टक्क्यांवरून जवळजवळ ४७ टक्क्यांवर गेली. डिसेंबर २०२१ मधील तिसऱ्या सार्वमताच्या वेळी कोरोनाने कनाक समाजात अनेक मृत्यू झाले होते. दुखवट्याचा काळ पुरा होईपर्यंत मतदान पुढे ढकलावे, ही त्यांची विनंती पॅरिसने मानली नाही. कनाकांनी बहिष्कार घातला; निम्म्याहून कमी मतदारांनी मतदान केले आणि नकाराला ९६ टक्क्यांहून अधिक मते पडली. या मतदानात कोणी कोणाला शिवी दिली नव्हती. सर्व काही कायदेशीर आणि शांत होते. मे २०२४ मध्ये मतदारयादीच्या प्रश्नावरून त्याच बेटावर जाळपोळ झाली आणि माणसे मेली. दुसऱ्याच्या सुतकाची दखल न घेणे ही अंडे फेकण्यापेक्षा मोठी असभ्यता आहे.

मराठी वाचकाला हा विषय दूरदेशीचा वाटण्याचे कारण नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जो जनमतकौल झाला, तो स्वातंत्र्याचा नव्हता, महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे याचा होता. पण घराघरांत फूट पाडण्याची त्याची शक्ती तेवढीच होती. फूल की दोन पाने, एवढ्यावर नाती तुटली. तरीही दयानंद बांदोडकर यांच्या विलीनीकरणवादी सरकारने मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून आधी राजीनामा दिला, हे नोंदवले पाहिजे. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली आणि विरोधात १,७२,१९१. दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच गोमंतकीयांनी बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केले. माणूस आपला, त्याचे हे म्हणणे तेवढे अमान्य, इतका बारीक भेद करण्याची कुवत साध्या मतदाराकडे असते. ती नेहमी पुढाऱ्यांकडे आणि संपादकांकडे असतेच असे नाही.

त्या वेळी विलीनीकरणाच्या विरोधात सर्वांत प्रभावी प्रचार 'राष्ट्रमत' या दैनिकाने केला, आणि ते दैनिक मराठी होते. प्रतिपक्ष ज्या भाषेत विचार करतो त्याच भाषेत, त्याच्याच घरात जाऊन त्याच्याशी वाद घालण्याची ही रीत होती. याउलट कोकणी ही स्वतंत्र भाषा नसून मराठीची एक बोली आहे, असे हिणवण्यात मराठीचे अनेक कैवारी धन्यता मानत होते. मराठीतच लिहिणारा-वाचणारा, पण घरात आईशी कोकणी बोलणारा गोमंतकीय हे सारे वाचत होता. साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ साली गोव्याचा राजभाषा कायदा झाला. त्यापूर्वीच्या आंदोलनात रक्तही सांडले. कौलाचा आकडा एका आठवड्यात सर्वांनी मान्य केला होता. आईच्या भाषेला बोली म्हटल्याचा सल मात्र वीस वर्षांनंतरही गेला नव्हता.