केसाएवढी फट आणि इतिहासाचे माप

१/
वाफेच्या इंजिनाची लहान प्रतिकृती घडवणे हा केवळ छंद, की इतिहासाचा अभ्यास? माझे मत स्पष्ट आहे : काटेकोर मापाची प्रतिकृती हे एक प्रकारचे इतिहासलेखनच होय. तिची खरी कसोटी रंगात वा चकाकीत नसते. ती लागते दोन हलत्या भागांमधल्या केसाएवढ्या फटीत. हा धागा त्या फटीविषयी, आणि आमच्या मानोऱ्याच्या शेजारून गेलेल्या एका अरुंद रुळाविषयी.

२/
मानोऱ्याच्या एका अंगास कारंजा, दुसऱ्या अंगास दारव्हा. या दोन्ही गावांवरून जाणारा मूर्तिजापूर–यवतमाळ हा ११३ कि.मी.चा लोहमार्ग, मूर्तिजापूर–अचलपूर ही त्याची ७६ कि.मी.ची भावंडशाखा. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गापर्यंत आणणारी, किलिक निक्सन कंपनीची ही रेल्वे लोकांच्या तोंडी ‘शकुंतला’ झाली. दोन रुळांमधील अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मि.मी. मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले झेडडी वर्गाचे इंजिन १९२३ पासून येथे राबले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेलला जागा देऊन थांबले.

३/
असे एखादे इंजिन ८७ पटींनी लहान करायचे आहे, असे समजा. पुण्यात कोथरूडला १९९८ साली खुल्या झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयातील गाड्या याच १:८७ प्रमाणाच्या आहेत. कागदावर भागाकार सोपा असतो. मूळ इंजिनात दांडा आणि चाक यांच्यामध्ये २० मि.मी. मोकळी जागा असेल, तर प्रतिकृतीत ती उरते ०.२३ मि.मी. पत्र्याची जाडी, नटाचे डोके आणि माणसाच्या हाताची अचूकता मात्र ८७ पटींनी लहान होत नाहीत. अडचणीचे मूळ येथे आहे.

४/
चाकाचेच उदाहरण घ्या. खऱ्या चाकाची रुंदी साधारण १२७ ते १४० मि.मी. १:८७ मध्ये ती सुमारे दीड मि.मी. व्हायला हवी. बाजारात सर्रास मिळणारे चाक मात्र सुमारे २.८ मि.मी. रुंद असते, म्हणजे मूळ मापात जवळजवळ २४४ मि.मी.! हे जाडे चाक बाहेरच्या दांड्यांची आणि क्रॉसहेडची जागा गिळून टाकते. मग इंजिन अडखळते, दांडा घासतो, धातूला धातू लागून विजेचा प्रवाह भलत्याच वाटेने जातो.

५/
यावर सर्वांत जुना उपाय कोणता? रूळच जवळ आणणे. ब्रिटनमध्ये नेमके हेच घडले. तेथील इंजिने आकाराने लहान. १:८७ च्या सांगाड्यात त्या काळची मोटर मावेना. म्हणून सांगाडा १:७६ चा केला, रूळ मात्र १६.५ मि.मी.वरच ठेवले. योग्य अंतर १८.८३ मि.मी. होते. चाके आत सरकली, बाहेरच्या दांड्यांना आयती जागा मिळाली. पण समोरून पाहताना इंजिन आखडलेले दिसू लागले. पुढे काही हट्टी लोकांनी १८.८३ चाच आग्रह धरला. फटीचे सगळे प्रश्न त्यांच्या वाट्याला आले, कारण त्यांनी प्रश्न लपवले नाहीत.

६/
आपल्याकडे ही तडजोड अधिक महाग पडते. डलहौसीच्या काळात ठरलेले आपले ब्रॉडगेज ५ फूट ६ इंच, म्हणजे १६७६ मि.मी.; १:८७ मध्ये १९.२६ मि.मी. तयार रूळ मिळतात १६.५ चे. म्हणजे मूळ मापात १४३५ मि.मी., अर्थात युरोपचे प्रमाण अंतर. तब्बल २४१ मि.मी. गायब! भारताने जगाहून वेगळा घेतलेला एक मोठा निर्णय टेबलावर पुसला जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

७/
दुसरे असत्य वळणांचे. आपल्या ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र अनुज्ञेय वळण १० अंशांचे, त्रिज्या १७५ मीटर. १:८७ मध्ये ती दोन मीटर भरते. घरच्या टेबलावर अर्धा मीटरही मुश्किलीने मिळतो. इतक्या आखूड वळणावर चाकांना आडवे सरकण्यास जास्त मोकळीक द्यावी लागते, आणि जितकी मोकळीक द्यावी तितकी दांड्यांमागची फट खाल्ली जाते.

८/
आता शकुंतलेकडे या. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६ मि.मी.; बाजारातला रूळ ९ मि.मी.चा. मूळ मापात फरक फक्त २१ मि.मी. नॅरोगेजवर ४० अंशांपर्यंतचे, म्हणजे ४४ मीटर त्रिज्येचे वळण अनुज्ञेय. १:८७ मध्ये ते जेमतेम अर्ध्या मीटरचे. ज्या टेबलावर मुंबईची मेल खोटी ठरते, त्याच टेबलावर कारंज्याची गाडी जवळजवळ खरी उतरते. म्हणून माझे म्हणणे असे : महाराष्ट्रात काटेकोर प्रतिकृतींचा आरंभ भव्य एक्स्प्रेस इंजिनांपासून नव्हे, अरुंद रुळांपासून व्हावा.

९/
याचा अर्थ तेथे फटीचा प्रश्न नाही, असा नव्हे. अरुंद रुळांत बॉयलर आणि अग्निपेटीला जागा कमी. म्हणून अशा अनेक इंजिनांची चौकट चाकांच्या बाहेर असते आणि आसांच्या टोकांना स्वतंत्र क्रँक जोडलेले असतात. मग चाक आतून चौकटीला घासू शकते, क्रँक बाहेरून. एव्हरार्ड कॅलथ्रॉपच्या बार्शी लाइट रेल्वेने १८९७ पासून याच ७६२ मि.मी.वर, आसामागे अवघा पाच टन भार ठेवून, आठ जोडचाकांची इंजिने चालवली. मोकळीक कोठे द्यायची आणि कोठे रोखायची, हा प्रश्न त्याच्या अभियंत्यांपुढेही होताच. प्रतिकृती करणारा तोच प्रश्न पुन्हा सोडवतो.

१०/
उपाय अवघड नाहीत, चिकाटीचे आहेत.
• सर्वांत पुढच्या जोडचाकाची आडवी हालचाल पातळ वॉशर घालून रोखा. मोकळीक मधल्या चाकांना द्या.
• त्या चाकावरील खिळीचे डोके दांड्याच्या पृष्ठभागाशी समतल करा. क्रॉसहेड बहुधा तेथेच अडकतो.
• क्रॉसहेडची मागची बाजू कानशीने थोडी उतरवा. दर्शनी बाजूला हात लावू नका.
• ब्रेकचे ठोकळे धातूऐवजी प्लास्टिकचे करा.
• मोटर बसवण्यापूर्वी सांगाडा हाताने ढकलून प्रत्येक वळणावरून न्या आणि संशयाच्या जागी कागदाची पट्टी सरकवून पाहा.
• एवढे करूनही भागले नाही, तर सिलिंडर पाव मि.मी. बाहेर घ्या. आणि हे लिहून ठेवा.

११/
हे शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तडजोड करणे हा दोष नव्हे; ती न नोंदवणे हा दोष आहे. समकालीन पत्र आणि मागाहून लिहिलेली बखर यांतला भेद आपण पहिल्याच वर्षी शिकतो. बखरही मोलाची असते, पण ती बखर आहे हे ठाऊक असले तरच. प्रतिकृतीसोबत एक साधे पान असावे : कोणते माप मूळचे, कोणते अंदाजाचे, कोणते जागेअभावी बदललेले.

१२/
कोणी म्हणेल, एवढा कीस कशाला? मुलांना गाडी धावताना पाहायची असते. मान्य. धावणाऱ्या गाडीचा आनंद खोटा नाही. पण या भागात वाफेचे इंजिन धावताना न पाहिलेली पिढी आता पदवीधर झाली आहे. मार्ग रुंद करण्याच्या घोषणा झाल्या आहेत. ते काम झाले तर या भागाचे दळणवळण सुधारेल आणि ते व्हायलाच हवे. मात्र त्या दिवशी ७६२ मि.मी. हे माप जमिनीवरून उठेल. मग ते उरेल फक्त कागदावर आणि प्रतिकृतीत. तेथेही ते चुकीचे असेल तर?

१३/
म्हणून इतिहासाच्या मित्रांना एक काम सुचवतो. घरोघरी जुने फोटो आहेत. इंजिन अगदी समोरून टिपलेला आणि रूळ दिसणारा फोटो मिळाला, तर तुमच्या हाती मोजपट्टीच आली : इंजिनाच्या पुढच्या टोकाखालील रुळांमधील अंतर ७६२ धरा आणि त्याच प्रतलातील रुंदी, उंची काढा. कडेने घेतलेल्या फोटोवर हा हिशेब लावू नका. फोटोचे साल, ठिकाण आणि तो कोणाकडून मिळाला, हे मागे लिहा.
प्रतिकृती उद्या कोणीही करील. तिला लागणारी मापे आज गोळा करावी लागतील.