मेनू मराठीत, मेसेज इंग्रजीत? मग तुमची वेबसाइट अर्धवटच!



मागच्या दिवाळीत माझ्याच दुकानात घडलेला किस्सा सांगतो. फराळाच्या ऑर्डरसाठी आम्ही वेबसाइट करून घेतली होती. वर कोपऱ्यात भाषा बदलायचं बटण. मराठी निवडलं की पदार्थांची नावं, भाव, 'आत्ता मागवा' सगळं मराठीत. मी एकदम खूश!

एका काकूंनी चकली आणि चिवड्याची १,२४० रुपयांची ऑर्डर टाकली. पेमेंट मधेच अडकलं आणि स्क्रीनवर इंग्रजीत मेसेज आला: 'ट्रान्झॅक्शन पेंडिंग. डू नॉट रिट्राय.' काकूंना वाटलं, पैसे गेलेच नाहीत. त्यांनी पुन्हा भरले. दोनदा कट झाले.

जास्तीचे पैसे मी परत केले. पण काकू म्हणाल्या, "बाळा, पुढच्या वेळी मी फोनवरच सांगेन." ते वाक्य मला लागलं. चूक काकूंची नव्हती, माझी होती.

म्हणून आज माझं स्पष्ट मत मांडतो. मेनू मराठीत करणं ही सजावट आहे. खरी मराठी लागते ती मेसेजमध्ये. पेमेंट अडकलं, ओटीपी चुकला, माल संपला, ऑर्डर रद्द झाली, अशा वेळी ग्राहक घाबरलेला असतो. दुकानाची पाटी मराठीत आणि गल्ल्यावरचा माणूस मात्र अडचणीच्या वेळी इंग्रजीत बोलतो, असं चालेल का?

काही जण म्हणतील, "सर, ऑटो-ट्रान्सलेट लावून टाकू ना!" मालाच्या लांबलचक माहितीचा कच्चा मसुदा त्यातून काढा, हरकत नाही. पण पैशाच्या मेसेजवर तो भरवसा ठेवू नका. 'सेव्ह' बटणाचं 'वाचवा' झालेलं मी पाहिलंय! आणि उलट टोकही नको. 'देयक अयशस्वी' असं कोणी काउंटरवर बोलतं का? सरळ लिहा: 'पैसे भरले गेले नाहीत.'

आता डेव्हलपरशी बोलताना काय सांगायचं, ते नीट लिहून घ्या.

१. सगळे मेसेज एका जागी काढा. मेसेज कोडमध्ये इकडेतिकडे विखुरलेले नकोत, वेगळ्या फाइलमध्ये हवेत. तुम्ही एक्सेल शीट करा: मेसेज कधी दिसतो, मराठी वाक्य, इंग्रजी वाक्य. माझ्याकडे मोजून ३४ मेसेज निघाले. एका संध्याकाळचं काम!

२. वाक्य तुकड्यांनी जोडू नका. इंग्रजीत 'युअर' सगळ्यांना चालतं. मराठीत तसं नाही. 'तुमचा ___ रद्द झाला' असा साचा केला, की 'तुमचा पेमेंट रद्द झाला' असं काहीतरी दिसणार. ऑर्डर 'रद्द झाली', पेमेंट 'रद्द झालं'. म्हणून प्रत्येक मेसेज पूर्ण वाक्यच लिहा. गावाचंही तेच. '___ला पार्सल निघालं' या साच्यात पुणे टाकलं की 'पुणेला' होतं, ठाणे टाकलं की 'ठाणेला'. त्यापेक्षा 'पार्सल निघालं. ठिकाण: पुणे' असं ठेवा. आकड्यांकडेही बघा. १ डबा, पण ५ डबे.

३. पेमेंट गेटवेचं उत्तर जसंच्या तसं दाखवू नका. तिकडून कोड येतो. त्या कोडसमोर आपलं वाक्य लावून घ्या. आता माझ्या साइटवर असं दिसतं: 'तुमचं पेमेंट अजून अडकलेलं आहे. पुन्हा पैसे भरू नका. थोड्या वेळाने ऑर्डर तपासा किंवा आम्हाला फोन करा.' काय झालं, काय करू नये, पुढे काय करायचं. तिन्ही गोष्टी आल्या!

४. ग्राहकाची भाषा ऑर्डरसोबत साठवा. साइटवर मराठी निवडली आणि दोन दिवसांनी डिलिव्हरीचा मेसेज इंग्रजीत आला, तर काय उपयोग?

५. एसएमएस छोटा लिहा. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं बसतात. मराठीत लिहिलं की मर्यादा ७० वर येते, आणि काना-मात्राही वेगळे मोजले जातात. त्यापुढे गेलात की दोन एसएमएसचा खर्च. म्हणून 'आदरणीय ग्राहक' वगैरे पाल्हाळ सोडा, मुद्द्यावर या.

आणि हो, एखाद्या मेसेजचं मराठी करायचं राहून गेलं, तर तिथे रिकामी जागा किंवा कोडमधलं भलतंच नाव दिसता कामा नये. निदान इंग्रजी वाक्य तरी दिसलं पाहिजे, एवढी सोय करून घ्या.

शेवटी एक गृहपाठ. आज रात्री स्वतःची साइट मराठीत उघडा आणि मुद्दाम चुका करा. चुकीचा ओटीपी टाका. पिनकोड अर्धा लिहा. पेमेंट मधेच बंद करा. काय दिसतं, ते आईला किंवा शेजारच्या काकांना वाचायला द्या आणि विचारा, "आता तुम्ही काय कराल?" उत्तर बरोबर आलं, तर मेसेज पास. नाही आलं, तर चूक त्यांची नाही, आपली.

आमच्या काकूंना नवीन मेसेज दाखवले. या दिवाळीला त्या साइटवरून मागवतील की फोन करतील, माहीत नाही. पण वाचून म्हणाल्या, "हं, आता कळतंय."

मला तेवढं पुरेसं आहे. भेटू पुढच्या व्हिडिओत!