‘फ’ तुकडीतली मुलं

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दहावी फ’ हा सिनेमा २००२ सालचा. सुट्टीला पोरं जमली म्हणून ताडकळसला आम्ही तो पुन्हा लावला. शाळेचा सिनेमा म्हणजे उपदेश, असं धरून बसलेली पोरं थोड्याच वेळात गप्प झाली.

गोष्ट साधी आहे. शाळेत मार्कांप्रमाणे तुकड्या. हुशार मुलं ‘अ’मध्ये, आणि ज्यांच्याकडून कुणाचीच काही अपेक्षा नाही ती ‘फ’मध्ये. अपमान साचत जातो आणि एक दिवस ही मुलं शाळेच्या सामानाची मोडतोड करतात. अतुल कुलकर्णींनी रंगवलेले सर त्यांच्या पाठीशी उभे राहतात, पण ‘लेकरं आहेत, जाऊ द्या’ असं म्हणून सोडवत नाहीत. जे मोडलं ते स्वतः राबून, कमवून भरून द्यायचं.

आमच्या मते सिनेमाचा जीव इथेच आहे. शाळेतून काढणं सोपं, माफ करणंही फार अवघड नाही. पण ‘नुकसान भरून देण्याइतका तू मोठा आहेस’ असं पोराला सांगितलं, की मास्तरलाही त्याच्यासोबत राबावं लागतं. व्ही. शांताराम यांच्या १९५७च्या ‘दो आँखें बारह हाथ’मधला जेलर सहा खुनी कैद्यांना घेऊन पडीक रान कसतो, तोही याच रस्त्याने. त्या कथेचं मूळ औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगात आहे. म्हणजे हे नुसतं पडद्यावरचं नाही, आपल्या महाराष्ट्रात घडलेलं आहे.

आता आपल्या मोहल्ल्याकडे बघू. नववीत अडकलेलं पोर गॅरेजवर जातं. अम्मी म्हणते, ‘इसका दिल नै लगता पढ़ाई में.’ तेच पोर इंजिन खोलून शंभर सुटे भाग जागच्या जागी बसवतं, कुणाची किती उधारी ते तोंडपाठ सांगतं. डोकं नसतं तर हे जमलं असतं का? मात्र त्याचं कौतुक करून थांबणंही बरं नाही. पोराच्या हातात हुनर आलं तरी कागद नसेल तर तो जन्मभर दुसऱ्याच्या गॅरेजवर ‘छोटू’च राहतो, आणि चाळिशीतल्या माणसाला त्या नावाने हाक मारलेली ऐकवत नाही.

कागदाचा रस्ता मात्र आहे. आयटीआयमध्ये वेल्डरच्या ट्रेडला आठवी पास चालतं, मोटार मेकॅनिकला दहावी लागते. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. हे घराघरांत माहीत हवं, पण शाळेचं नाव काढलं की अब्बांचा आवाज चढतो आणि पोरगं उठून बाहेर जातं. मग फॉर्मची तारीख निघून जाते.

सिनेमातल्या सरांसारखा मास्तर प्रत्येक शाळेत भेटेलच असं नाही. घरातल्या मोठ्या भावाने, मामूने, गॅरेजच्या उस्तादने एवढं केलं तरी पुष्कळ: संध्याकाळी तासभर लवकर सोडायचं आणि पुस्तक आणून द्यायचं. आणि फॉर्मची वेळ येण्याआधी शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवायचा. सापडत नसेल तर शाळेत जाऊन दुसरी प्रत मागायची, आणि पोराला सोबत न्यायचं.