आधी घर की आधी कौलं?

मराठी विभागासाठी लिही म्हटल्यावर मी आधी घाबरलेच. कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझं फारसं जमत नाही. पण विषय घरचा आहे आणि घरातलं भांडण मराठीतच झालं, म्हणून लिहिते.

नागावला आमच्या आजोबांचं घर आहे. जांभ्याच्या भिंती, पुढे ओटी, मागे पडवी, परसात चार माड. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, त्यात अर्धी मंगलोरी कौलं उडाली. शेजारच्या वाडीतल्या पोफळी तर काडेपेटी सांडावी तशा आडव्या! काकांनी कौलांच्या जागी पत्रे टाकले, कारण शाकारणी करणारी माणसं मिळेनात. आजी गेल्यापासून घर बंद आहे. आता विकायचं ठरलंय.

गिऱ्हाईकं दोन. पहिले मुंबईचे, रो-रो बोटीतून गाडीसकट मांडव्याला उतरून आलेले. ही बोट २०२० साली सुरू झाली आणि आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा रागरंगच बदलला. त्यांना घर नकोच आहे, पाडून बंगला बांधायचाय. कर्ज-बिर्ज काही नको. दुसरे शेजारच्या आळीतले एक मास्तर. त्यांना हेच घर हवंय, ओटीसकट.

मास्तर बँकेत गेले. बँकेच्या इंजिनीअरने घर पाहिलं आणि बांधकामाची किंमत जवळजवळ शून्य धरली. एवढ्या जुन्या घरावर वीस वर्षांचं कर्ज बसत नाही म्हणाले. मग दुरुस्तीचं कर्ज द्या! तर ते घर आधी नावावर असलेल्यालाच मिळतं. म्हणजे विकत घ्यायला घर धड हवं, आणि धड करायला ते आधी विकत घेतलेलं हवं. वर आयकराची गंमत बघा. जुन्या पद्धतीत राहत्या घराच्या खरेदीसाठी काढलेल्या कर्जावरच्या व्याजाला २ लाखांपर्यंत वजावट, आणि दुरुस्तीच्या कर्जाला फक्त ३० हजार. नव्या पद्धतीत राहत्या घराला दोन्ही नाहीत. पाडून बांधा, असंच सगळे सुचवतात.

काकांचं म्हणणं वेगळं. "आपणच कर्ज काढू, घर चकाचक करू आणि चढ्या भावाने विकू." मला हे पटत नाही. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला असल्यामुळे थोडं शहाणपण दाखवते. जुन्या जांभ्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट मारला की भिंतीतली ओल आतच कोंडते. पहिल्या पावसाळ्यानंतर लोणा फुटून पापुद्रे सुटतात (आपल्या होस्टेलच्या जिन्यात कधीही येऊन पाहा, तिकीट नाही). विकणाऱ्याची दुरुस्ती ही बहुतेक वेळा गिऱ्हाईक येऊन जाईपर्यंतची असते. शिवाय घर सहा महिने विकलं गेलं नाही, तर हप्ता कोण भरणार? काकाच.

अमेरिकेत २०३(के) नावाचं सरकारी विम्याचं कर्ज आहे. त्यात खरेदी आणि दुरुस्ती एकाच कर्जात बसते. किंमत ठरवताना दुरुस्तीनंतर घर कसं असेल तेही धरतात. दुरुस्तीचे पैसे वेगळे ठेवतात आणि काम तपासून टप्प्याटप्प्याने देतात. आपल्याकडे नवीन बांधकामाला बँका असेच टप्प्याने पैसे देतात की! प्लिंथ झाला, स्लॅब पडला, की हप्ता सुटतो. मग आढं बदललं, वासे बदलले, कौलं चढली, म्हणून का सुटू नये?

आमच्या मित्रांचा आक्षेप असा की किनाऱ्यावर खरी अडचण कागदांची असते. खरंय. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, घरपट्टीच्या उताऱ्यावर बँक नाक मुरडते. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकतपत्रिका देणं सुरू झालंय. शिवाय वारसांच्या सह्या. आमच्याच सात आहेत, त्यातली एक नाशिकची आत्या. पण सह्या मुंबईकरांसाठीही लागणारच आहेत, त्यामुळे तो मुद्दा मास्तरांच्या विरोधात कसा जातो ते मला कळलं नाही.

काकांनी दिवाळीपर्यंत मुदत दिलीय. तोवर दुरुस्तीचं अंदाजपत्रक करून दुसऱ्या बँकेत द्यायचं मास्तरांनी ठरवलंय, आणि ते मी करायचं कबूल केलंय. येत्या शनिवारी टेप घेऊन नागावला जातेय. टेप धरायला कुणी तरी हवं आहे. जेवण मास्तरांकडे.