छप्पर कोणाचे, उकाडा कोणाला?

वणीत भाड्याच्या कित्येक खोल्यांवर पत्रे असतात. उन्हाळ्यात भर दुपारी दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट सौरशक्ती मिळते. म्हणजे १० चौरस मीटर छपरावर १० किलोवॅट! चुन्याचा ताजा थर तिच्यातील निम्म्याहून अधिक भाग परत फेकतो. मग तो का दिला जात नाही? छप्पर घरमालकाचे, कूलरचे बिल भाडेकरूचे. खर्च एकाचा, लाभ दुसऱ्याचा. शिवाय औष्णिक विजेच्या एका युनिटमागे अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. तो खणताना आपल्या परिसराचे काय होते, हे वणीकरांना सांगावयास नको.

पावसात चुना धुऊन जातो. म्हणून दर उन्हाळ्यापूर्वी घरमालकाने छपराला चुन्याचा हात द्यावा, अशी अट भाडेकरारातच असावी. विद्यार्थी मित्रांनो, एका पत्र्यास चुना लावा, दुसरा तसाच ठेवा, दोहोंखालचे तापमान मोजा आणि ते आकडे घरमालकांना दाखवा.