अबोला

आमच्या वरोऱ्याच्या घरी बाबा आणि काका २०१९ च्या लोकसभेपासून बोलत नाहीत. सेनेचे आमदार बाळू धानोरकर ऐन निवडणुकीत काँग्रेसमध्ये गेले आणि चंद्रपुरात अहिरांना पाडून राज्यातले काँग्रेसचे एकुलते एक खासदार झाले. काका कट्टर शिवसैनिक. "दलबदलूले मत देतं का, भाऊ?" म्हणाले. काँग्रेसवाले बाबा ताटावरून उठले.

गंमत बघा, त्याच नोव्हेंबरात अख्खी सेना काँग्रेससोबत सरकारात बसली! नेत्यांचा मला राग नाही, तडजोड हा त्यांचा धंदाच. राग येतो तो आपला. त्यांना सहा महिन्यांत जमलं ते आपल्याला अजून जमेना. धानोरकर २०२३ मध्ये वारले, तरी अबोला आहेच.

मागच्या दिवाळीत काकांनी मला विचारलं, "तुह्या बाबाची शुगर किती हाय?"

बाबा शेजारच्याच खुर्चीत होते.